मेलेल्यांनी आता उठावं

ऑगस्ट लागला की लॉफ्टमधून श्रीकांतचा विटकरी कोट खाली काढायचा, मागच्या अंगणात दोरीवर टाकायचा आणि झटकायचा, हे माझं काम. कोट जाड लोकरीचा आहे, मीच शिवलेला. कितीही उन्हं दिली तरी त्याचा वास जात नाही. अर्धा ओल्या मेंढीचा आणि अर्धा फटाक्यांची माळ वाजून गेल्यावर दारात राहतो तसा. शेजारची पॅट कुंपणावरून विचारते, "ऑफ टु वॉर अगेन?" मी हसते. मग आत येऊन उगाचच किचनमधला एकेक खण उघडते आणि बंद करते. ऑगस्टात मला एका जागी बसवत नाही. चहा ठेवते आणि विसरते, फोन वाजला नाही तरी जाऊन बघते. आता २००९ उजाडलंय, ज्याची काळजी होती तो दोन गल्ल्या सोडून राहतो, रविवारी जेवायला येतो, तरी पायांना हे कळत नाही.

या कोटाचं प्रकरण आधी सांगायला हवं. श्रीकांत म्हणजे माझा नवरा. कॉव्हेंट्रीच्या एका हॉस्पिटलात तो भूलतज्ज्ञ होता आणि मी तिथेच फिजिओथेरपिस्ट. रिटायर झाल्यावर इथली माणसं अलॉटमेंट, म्हणजे भाजीपाल्यासाठी भाड्याचा तुकडा घेऊन घेवडा लावतात, ब्रिज खेळतात, क्रूझवर जातात. हा युद्धावर गेला. साडेतीनशे वर्षांपूर्वी या देशात राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली होती, आणि आमचं कॉव्हेंट्री पार्लमेंटच्या बाजूने उभं राहिलं होतं. विणकर, टोप्या करणारे, चांभार, खाटीक आपण होऊन पलटणीत शिरले. पेशाचे शिपाई नव्हेत, दुकानं आणि पोरंबाळं असलेली माणसं, सुगीपर्यंत परत येऊ म्हणून गेलेली. त्या पलटणीचं सोंग काही हौशी लोक दर उन्हाळ्यात वठवतात. कुठल्या तरी गढीसमोरच्या कुरणात तंबू ठोकतात, त्याला मस्टर म्हणतात, आणि शनिवार-रविवारी तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर लढाई करतात. लांबच लांब भाले, तोड्याच्या बंदुका, ढोल, सगळं असतं. फक्त बंदुकीत गोळी नसते.

श्रीकांतला यात ओढला तो कीथने. कीथचं आयुष्य कारखान्यात मोटारी जोडण्यात गेलं, आता तो पलटणीचा सार्जंट आहे. त्याच्या हर्नियाच्या ऑपरेशनला श्रीकांतने भूल दिली होती, आणि शुद्धीवर येता येताच त्याने याला भरती व्हायचं आमंत्रण दिलं. अर्धवट गुंगीतल्या माणसाचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं हे आयुष्यभर नर्सेसना शिकवणारा माझा नवरा ते मनावर घेऊन बसला. पलटणीला वाटलं, चला, डॉक्टर मिळाला, याला त्या काळातला वैद्य करू. तर याने साफ नकार दिला. म्हणाला, "मेलो तरी चालेल, पण पेशंट नकोत." म्हणून भाला. त्याच्या गुडघ्यांची हालत मला एक्स-रेशिवाय ठाऊक होती, पण मी कशाला बोलू? एका प्रेक्षक बाईने कीथला हळूच विचारलं होतं की त्या काळी पलटणीत इंडियन लोक होते का. कीथ म्हणाला, "हा इंडियन नाही, हा अर्ल्सडनचा." अर्ल्सडन म्हणजे आम्ही राहतो तो कॉव्हेंट्रीचा भाग. श्रीकांत ते आठवडाभर सगळ्यांना सांगत होता.

आणि मी? मी पाणी देते. पलटणीतल्या बायका लांब घागरे आणि पांढऱ्या टोप्या घालून लढाईच्या मधोमध बाटल्या घेऊन फिरतात, कारण लोकरीच्या कोटात ऑगस्टच्या उन्हात माणसं खरोखरच आडवी होतात. स्वयंपाकावरही पलटणीची नजर असते. त्या काळी जे नव्हतं ते तंबूबाहेर दिसता कामा नये. मिरची नाही, टोमॅटो नाही, चहा लपून. माझं थालीपीठ मात्र ओटकेक म्हणून खपून गेलं. त्यात हिरवी मिरची आहे हे कीथला माहीत आहे, आणि तो दोन जास्त घेतो.

मरण्याचंही एक शास्त्र असतं तिथे. लढाईच्या आधी अधिकारी सांगतो की बंदुकांच्या तिसऱ्या फैरीपर्यंत कुणी मरायचं नाही. त्यानंतर ज्याला दम लागेल, ज्याचा गुडघा बोलेल, त्याने पडावं. पडण्याआधी जागा बघून ठेवायची. खाजकुइली नको, गाईचं शेण नको, झाडाची सावली मिळाली तर भाग्य. श्रीकांत डाव्या कुशीवर मरतो, कारण उजव्या कुशीवर त्याला ॲसिडिटी होते. आणि लढाई संपली, ढोल थांबले, की सगळी पलटण टोप्या काढून उभी राहते आणि अधिकारी मोठ्याने म्हणतो, मेलेल्यांनी आता उठावं. मग गवतातून माणसं उठतात. कुणी कंबर धरून, कुणी चष्मा शोधत. प्रेक्षक टाळ्या वाजवतात, पोरं ओरडतात. पहिल्या वर्षी मला ते फार गमतीचं वाटलं होतं.

आमचा केदार त्या वेळी कौन्सिलच्या प्लॅनिंग ऑफिसात नोकरीला होता. कुणाला घरामागे खोली वाढवायची परवानगी द्यायची, कुणाला नाही, हे बघायचा. आणि महिन्यातून एखाददुसरा वीकएंड टेरिटोरियल आर्मीत, टीएत. म्हणजे सोमवार ते शुक्रवार नोकरी, शनिवार-रविवार शिपाई. आपण होऊन नाव घातलेला, पायदळातला. तो बापाची फिरकी घ्यायचा. "बाबा, तुमचा रेजिमेंट प्रिटेंड आहे, माझा पार्ट-टाइम आहे. दोघं सेम." त्याचं मराठी असंच, लिंग-वचन वाऱ्यावर, पण बोलायचा भरभरून. त्याच्याबरोबर असायचा डॅनी. डॅनी प्लंबर. आमचा बॉयलर त्याने एका थंडीत दुरुस्त केला आणि पैशांऐवजी साबुदाणा वडे खाल्ले, तेव्हापासून घरचा झाला. मला आंटी म्हणायचा. त्याची आई लिंडा, ती मला टीएच्या फॅमिली इव्हिनिंगला भेटली. दोघी जणी सॅंडविचच्या टेबलाशी उभ्या राहून, आपल्या पोरांना मोजे धुता येत नाहीत यावर बोललो.

२००६ च्या वसंतात दोघांनाही बोलावणं आलं. बसरा. टीएची तुकडी पगारी पलटणीला जोडून जाणार होती. त्या वर्षी इथल्या पेपरांत वाद चालला होता की इराकमध्ये जे चाललंय त्याला यादवी म्हणायचं की नाही. मोठमोठे लोक टीव्हीवर शब्द तोलून बोलायचे. श्रीकांत रिमोट हातात घेऊन म्हणायचा, "शेजारी शेजाऱ्याच्या दारात जाऊन त्याला मारतोय, आता आणखी कशाची वाट बघताय?" मला माझ्या शाळेतल्या गोष्टीतले यादव आठवायचे, समुद्रकाठचं गवत उपटून एकमेकांना मारणारे. गोष्ट सांगताना गुरुजींनी गवताचंच वर्णन जास्त केलं होतं. दुसऱ्यांच्या घरातल्या भांडणात आपलं पोर मधे उभं करायचं, आणि का, हे कुणी नीट सांगायचं नाही. मी केदारला एकदाच विचारलं, नाही म्हणता येत नाही का. तो म्हणाला, "आई, डॅनी जातोय. बाकी सगळे जातायत. मी घरी बसून एक्स्टेन्शन्स अप्रूव्ह करू का?"

त्या उन्हाळ्यात मी दिवाळी नसताना चकल्या केल्या. शू-बॉक्समध्ये भरून, मधे टिश्यू घालून पाठवल्या. फोनवर तो म्हणाला, "आई, तुझा चकली पावडर झाला. आम्ही चमच्याने खाल्ला. डॅनी म्हणतो, बेस्ट सिरियल." आठवड्यातून त्यांना थोडी मिनिटं फोन मिळायचा, तो शनिवारी करायचा. शनिवार सकाळ मी फोनकडे बघायचं नाही असं ठरवून काढायची. आणि फॅमिली इव्हिनिंगला आम्हाला एक गोष्ट नीट समजावून सांगितली होती. तिकडे कुणाला काही झालं, तर सगळ्यांचे फोन बंद होतात. घरच्यांना प्रत्यक्ष जाऊन सांगितल्याशिवाय ते उघडत नाहीत. वाईट बातमी फोनवर कधीच येत नाही, ती दारात येते, दोन माणसं चालत येतात. हे ऐकलं त्या दिवसापासून मला आमच्या दाराच्या बेलचा राग येऊ लागला.

मी मूळची साताऱ्याकडची. आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत, आमचं मास्तरांचं घर सोडून. शेजारची हौसामावशी, तिचा थोरला पलटणीत होता. लढाईच्या दिवसांत पोस्टमनची यायची वेळ झाली की ती घराला कडी घालून शेतात निघून जायची. काम असो नसो. आई तिला म्हणायची, "अगं, पत्र आलं तर कोण घेणार?" ती म्हणायची, "पत्र थांबतंय. तारेला दार बंदच बरं." मी तेव्हा फ्रॉकमधली पोर. मला वाटायचं, किती वेडी आहे ही. तिचा मुलगा पुढे पेन्शनीवर आला, मिशा वाढवून पारावर बसायचा, त्यामुळे मी हौसामावशीला विसरूनही गेले होते.

ऑगस्टातला तो शनिवार. केदारचा फोन आला नाही. दुपारी रेडिओवर सांगितलं की बसऱ्याजवळ एक ब्रिटिश सैनिक मारला गेला, घरच्यांना कळवणं चालू आहे. नाव नाही. आम्ही दोघं किचनमध्ये उभे होतो. मी भांडी पुसत होते, ती आधीच कोरडी होती. श्रीकांत शुक्रवारपासून झोपला नव्हता, त्याला आदल्याच दिवसापासून काहीतरी वाटत होतं म्हणे. मी त्याला वेड्यात काढलं होतं. रविवारी सकाळी तो जिन्यावरून खाली आला तो विटकरी कोट घालूनच. म्हणाला, "चल, मस्टरला जाऊ."

मी म्हटलं, "डोकं फिरलंय का तुझं? आज?"

"घरी बसून काय करणार? दार बघत बसणार?" मग कोटाची बटणं लावत म्हणाला, "घरात कुणी नसलं तर बेल कोण ऐकणार?"

इतकी वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये माणसांचे श्वास मोजलेला हा माणूस हे बोलत होता. मी त्याला समजावायला हवं होतं. मी घागरा नेसले, टोपी घातली आणि दाराला कुलूप लावलं. गाडी गल्लीच्या वळणावर आली तेव्हा मला हौसामावशीची शेताकडे जाणारी पाठ दिसली.

लढाईला मोबाइल नेता येत नाही. कीथ स्वतः तपासतो, घड्याळं, गॉगल, फोन. माझ्यासमोर आला, तोवर त्याला कुणीतरी सांगितलं होतं. मी फोन काढून कमरेच्या पट्ट्यात खोचला, त्याच्या डोळ्यांदेखत. तो म्हणाला, "मला काही दिसत नाही. मला चष्मा लागतो." आणि पुढे गेला.

त्या दिवशी ऊन होतं, कॉव्हेंट्रीच्या मानाने पुष्कळ. पहिली फैर झाली तेव्हा मी दचकले. यापूर्वी कधी दचकले नव्हते. दारूचा पांढरा धूर कुरणावर पसरला, भाले एकमेकांत घुसले, माणसं एकमेकांच्या खांद्यांवर रेलून ढकलाढकली करायला लागली. मला सारखं वाटत होतं की कुणीतरी हे थांबवावं. समोरच्या बाजूला राजाची माणसं, त्यातला एक शेजारच्याच न्यूनीटन गावचा दाताचा डॉक्टर, त्याला मी पाणी पाजलं. तो थँक यू लव्ह म्हणाला आणि पुन्हा लढायला गेला. एकाच तालुक्यातली ही माणसं, तेव्हाही होती. तिसऱ्या फैरीला श्रीकांत पडला. त्याने जागा बघितली नाही. सावली नाही, काही नाही, उजव्या कुशीवर पडला. ते मला खटकलं, पण ओठाशी बाटली धरून एक पोरगेला ढोलवाला उभा होता.

ढोल थांबले. टोप्या निघाल्या. अधिकारी म्हणाला, मेलेल्यांनी आता उठावं.

सगळे उठले. टाळ्या झाल्या. श्रीकांत उठला नाही.

मी पळाले. पायात घागरा अडकला, बाटली कुठे पडली माहीत नाही. कीथ माझ्याआधी पोचला होता, गुडघ्यावर बसून त्याच्या तोंडाशी कान नेत होता. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि बोट ओठांवर ठेवलं. श्रीकांत झोपला होता. खालचा ओठ लोंबत होता, गालाला गवत चिकटलं होतं आणि तो बारीक घोरत होता. मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू आलं, आणि दोन्ही मी टोपीत तोंड घालून उरकलं. कीथने स्वतःचा कोट काढून त्याच्यावर घातला. पलटण परत निघाली, तर ढोल न वाजवता. भाले आडवे धरून, पाय न आपटता, सगळी माणसं आमच्या बाजूने गेली. एकानेही चेष्टा केली नाही, आणि ही मंडळी कशाचीही चेष्टा करतात.

मी तिथेच बसून राहिले. प्रेक्षक गेले. लांबून बिअरच्या तंबूतला गलका येत होता. आणि फोन वाजला. वाजला हेच पुष्कळ होतं. वाईट बातमी फोनवर येत नाही. मी बटण दाबलं.

"आई, मी. लाँग नाही बोलता येणार. मी ठीक आहे."

"खरंच ठीक आहेस? हातपाय?"

"सगळं आहे. फोन सगळे ऑफ होता. आत्ता दिला." मग खरखरीतून म्हणाला, "आई, डॅनी होता."

माझा मुलगा जिवंत होता आणि मला आनंद झाला होता. डॅनीचं नाव ऐकल्यावरही तो आनंद लगेच गेला नाही, काही क्षण तसाच छातीत राहिला. मग लिंडा आली डोळ्यांसमोर. ती घरी असणार. तिला काय ठाऊक घराला कुलूप लावून निघून जायचं असतं. तिने बेल ऐकली असणार आणि हात पुसत दार उघडलं असणार. केदार म्हणत होता, "तू तिच्याकडे जा. प्लीज. मला येत नाही." मी जाते म्हटलं.

श्रीकांत त्याच्या पेशंटना कसं जागं करायचा ते मी अनेकदा ऐकलंय. वाकून, नाव घेऊन, अगदी घरातल्या आवाजात. डोळे उघडा, झालं ऑपरेशन, सगळं छान झालं. मी वाकले आणि म्हटलं, "श्रीकांत, डोळे उघड. झालं." पुढचं वाक्य मी गाळलं. त्याने डोळे उघडले आणि माझा चेहरा वाचत राहिला.

"केदार ठीक आहे," मी म्हटलं. "फोन होता."

तो उठून बसला. बूट काढला, आतला खडा झटकला, परत घातला. मग विचारलं, "आणि कोण?"

दुसऱ्या दिवशी आम्ही लिंडाकडे गेलो. मी नेहमीचे कपडे घातले होते, तरी अंगाला बंदुकीच्या दारूचा वास येतोय असं वाटत होतं. दारात उभं राहिल्यावर बेल वाजवायचा धीर झाला नाही, म्हणून टकटक केलं. तिने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुझा ठीक आहे ना?" हे तिने आधी विचारलं. मी मान डोलावली. तिने मला मिठी मारली, म्हणजे तिने मला धरलं, मी तिला नाही.

केदार थंडी पडता पडता परत आला. पगारी पलटणी परत येतात त्या छावणीत, सगळे मिळून, एकमेकांचं बघतात. हा परतला तो रांगेतल्या टेरेस घरात आणि काही आठवड्यांत ऑफिसच्या टेबलावर. तिथे कुणीतरी म्हणालं, नाइस टॅन. कुणाच्या तरी कुंपणाची उंची जास्त झाल्याची तक्रार आली होती, ती त्याने सोडवली. घरी येऊन जेवायचा, भांडी विसळायचा, जायचा. त्याचं ते मोडकंतोडकं भरभरून बोलणं मला सर्वांत जास्त आठवायचं. कीथ सांगतो की त्या जुन्या यादवीत राजाचे कैदी कॉव्हेंट्रीत आणून ठेवले होते आणि गावाने त्यांच्याशी अबोला धरला होता, एक शब्द कुणी बोलायचं नाही. आमच्या घरात कुणी कुणावर रागावलं नव्हतं, तरी तसंच झालं होतं.

श्रीकांत पुढच्या उन्हाळ्यात परत मस्टरला गेला. मला वाटलं होतं सोडेल. तो म्हणाला, "तिथे निदान उठतात." मीही गेले, पाण्याची बाटली घेऊन. केदार कधी आला नाही, आणि आम्ही कधी ये म्हटलं नाही.

या वर्षी मी कोट झटकत होते तेव्हा तो मागच्या दाराने आला. दोरीवरचा कोट बघत उभा राहिला, बाही हातात धरून हुंगली. म्हणाला, "संडेला मी येऊ?" मी म्हटलं ये. आणखी काही बोलले तर मोडेल असं वाटलं म्हणून आत जाऊन खण उघडत बसले.

तो आला. कोट घालायला नाही म्हणाला, कीथने त्याला पाण्याच्या पखाली वाहायच्या कामाला लावलं. फैरी झाल्या तेव्हा मी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि पूर्ण वेळ त्याच्याकडेच बघत होते. तो माणसांना पाणी पाजत होता, वाकून, एकेकाशी हळू बोलत. श्रीकांत चिंचोळ्या सावलीत, डाव्या कुशीवर, व्यवस्थित मेला. ढोल थांबले. अधिकाऱ्याने नेहमीचं वाक्य म्हटलं आणि गवतातून माणसं उठली, कंबर धरून, चष्मे शोधत. टाळ्या झाल्या.

श्रीकांत कोटाचं गवत झटकत आमच्याकडे आला. केदार त्याच्या पलीकडे कुरणाकडे बघत होता.

"सगळे उठले ना?" त्याने विचारलं.

"उठले," श्रीकांत म्हणाला.

"शुअर?"

"हो रे. बघ की. सगळे गेले तंबूत."

केदारने पखाल खाली ठेवली. "एक मिनिट," म्हणाला, आणि रिकाम्या कुरणात शिरला. उंच गवत हाताने बाजूला करत, या टोकापासून त्या टोकापर्यंत तो सगळं मैदान चालून आला. आम्ही दोघं तो येईपर्यंत तिथेच उभे राहिलो.